बोलणं स्वस्त, ऐकणं महाग

खिशातल्या मोबाइलची बॅटरी साधारण ५००० मिलीअँपिअर-तासांची असते आणि रात्री चार्जरला लावायची राहिली, तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती मान टाकते. बिनतारी रीडिंग देणाऱ्या पाण्याच्या मीटरच्या पोटात अनेकदा एक बोटाएवढा लिथियमचा सेल असतो. त्याची क्षमता मोबाइलच्या निम्मीसुद्धा नसते. त्याला चार्जर नाही आणि झाकण उघडून तो बदलायची सोयही नाही. कारखान्यात एकदा सीलबंद झाला की दहा वर्षं, कधी त्याहूनही जास्त, त्याने निभावलं पाहिजे. बरं, तो मीटर काही नुसता बसून नसतो. फाटकाजवळच्या खड्ड्यात, झाकणाखाली, पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात बुडूनसुद्धा तो अधूनमधून रेडिओवरून आपला आकडा सांगत असतो.

मोबाइलच्या निम्म्या ताकदीत मोबाइलच्या तीन हजारपट दिवस! हे जमतं कसं, याचा माग काढायला लागलं की जस्ताच्या पट्ट्या, हवाई बेटं, वटवाघळाची शिकार आणि ग्रेनोबल गावचे दोन मित्र असे कुठले कुठले पाहुणे भेटत जातात.

आकडा येतो कुठून

निरोप धाडायचा तर आधी निरोप तयार व्हायला हवा. ४ सप्टेंबर १८८२ रोजी एडिसनने न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरच्या केंद्रातून वीज पुरवायला सुरुवात केली. गिऱ्हाइकाने किती वीज वापरली हे मोजायची त्याची युक्ती रसायनशाळेतून आलेली होती. काचेच्या भांड्यात झिंक सल्फेटचं द्रावण आणि त्यात जस्ताच्या पट्ट्या. घरात जाणाऱ्या विजेचा एक ठरावीक बारीक हिस्सा या भांड्यातून जायचा आणि त्या प्रमाणात एका पट्टीवरचं जस्त सुटून दुसरीवर बसायचं. ठरल्या मुदतीनंतर कंपनीचा माणूस पट्ट्या काढून न्यायचा, त्या तराजूत तोलल्या जायच्या आणि वजनातल्या फरकावरून बिल निघायचं. थंडीत द्रावण गोठू नये म्हणून पेटीत एक दिवा ठेवलेला असायचा, गारठा वाढला की तो आपोआप लागायचा. वीज मोजणारं भांडं गोठू नये म्हणून वीज जाळायची!

१८८८ मध्ये वेस्टिंगहाउस कंपनीत ऑलिव्हर शॅलेनबर्गर एका नव्या आर्क दिव्यावर काम करत होता. दिव्यातली एक बारीक स्प्रिंग निसटून आतच पडली आणि आपसूक फिरायला लागली. प्रत्यावर्ती विजेच्या चुंबकीय क्षेत्रामुळे ती फिरतेय, हे त्याने ओळखलं आणि काही आठवड्यांत त्यातून फिरत्या चकतीचा मीटर उभा केला. आपल्या घरांच्या जिन्याखाली वर्षानुवर्षं फिरत राहिलेली अॅल्युमिनियमची चकती याच घराण्यातली.

आजच्या विजेच्या मीटरमध्ये फिरणारं काही उरलेलं नाही. त्याच्यासमोर एकदा पाच मिनिटं उभं राहून पाहण्यासारखं आहे. दर्शनी पट्टीवर बारीक अक्षरात एका युनिटला किती ठोके पडतात ते छापलेलं असतं. आपल्याकडच्या पुष्कळ सिंगल फेज मीटरांवर तो आकडा ३२०० असतो. शेजारचा लाल दिवा एकदा लुकलुकला की युनिटचा ३२०० वा भाग खर्ची पडला. घरातलं बाकी सगळं बंद करून फक्त १००० वॉटची इस्त्री लावा आणि घड्याळ धरा. मिनिटाला साधारण ५३ लुकलुकी मोजता येतील. इस्त्री तापून आपली आपण बंद झाली की दिवा थबकतो. मागे फक्त पाच वॉटचा चार्जर राहिला असेल, तर पुढच्या लुकलुकीसाठी पावणेचार मिनिटं ताटकळावं लागेल. आतली चीप विजेचा दाब आणि प्रवाह सेकंदाला हजारो वेळा मोजते, दर वेळी त्यांचा गुणाकार करते, बेरीज पुढे ढकलते आणि हिस्सा पुरा झाला की दिवा लावते.

पाण्याची गोष्ट याहून गंमतीची आहे. नेहमीच्या मीटरमध्ये पाण्याच्या रेट्याने एक चाकी फिरते आणि चुंबकाच्या ओढीने वरच्या कोरड्या भागातले आकडे सरकतात. काळे आकडे हजार लिटरांचे, लाल आकडे त्याखालचे आणि त्यांच्याजवळ एक इवलीशी चांदणी. घरातले सगळे नळ बंद करून त्या चांदणीकडे बघा. ती तरीही हळूहळू फिरत असेल, तर कुठेतरी पाणी गळतंय.

नव्या अल्ट्रासॉनिक मीटरांतून ही चाकीसुद्धा गेली. त्यांच्या नळीत पुढे-मागे दोन छोट्या चकत्या बसवलेल्या असतात. एकीने ध्वनी सोडायचा, दुसरीने तो झेलायचा, मग उलट. पाण्यात ध्वनी सेकंदाला १४८० मीटरच्या आसपास धावतो. प्रवाहाबरोबर निघालेला ध्वनी किंचित आधी पोचतो, प्रवाहाविरुद्ध निघालेला किंचित उशिरा. दोन चकत्यांत दहा सेंटिमीटर अंतर आणि पाण्याचा वेग सेकंदाला एक मीटर धरला, तर हा फरक येतो सुमारे ९० नॅनोसेकंद. नळ नीट न पिळल्यामुळे पाणी सेकंदाला जेमतेम सेंटिमीटरभर सरकत असेल, तर फरक एका नॅनोसेकंदाच्याही आत. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा फूटभरच पुढे जातो. गळक्या नळाचा हिशेब लावण्यासाठी आपण काळाचे इतके बारीक तुकडे करायला शिकलो!

फाटक न वाजवता

आकडा तयार झाला, आता तो न्यायचा कसा? शंभर वर्षं याचं उत्तर एकच होतं: माणूस पाठवा. तो वही घेऊन, पुढे पुढे कॅमेरा घेऊन दारोदार फिरायचा. घराला कुलूप असलं की सरासरी बिल. कुत्रं अंगावर आलं की सरासरी बिल. मीटरच्या काचेवर धूळ साचली तरी सरासरी बिल.

अथेन्समध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत काम करणाऱ्या थिओडोर पारास्केवाकोस याने आधी टेलिफोनवर फोन करणाऱ्याचा नंबर पोचवायची युक्ती शोधली होती. त्याच्या मनात आलं, की तारेवरून नंबर पाठवता येतो तर मीटरचा आकडा का पाठवता येऊ नये? १९७४ साली त्याला या कल्पनेचं पेटंट मिळालं. पण प्रत्येक मीटरपर्यंत टेलिफोनची तार नेणं खर्चाचं काम होतं. मग १९८५ मध्ये अमेरिकी सरकारने ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झसह काही पट्टे विनापरवाना वापराच्या नव्या रेडिओ तंत्रांसाठी मोकळे केले. मीटरवर एक छोटा प्रक्षेपक बसवायचा आणि गल्लीतून गाडी हळू चालवत न्यायची, ही पद्धत तिथे रुजली. गाडीतल्या यंत्रात दोन्ही बाजूंच्या घरांचे आकडे गोळा होत जायचे. कुत्र्यांचं भुंकणं बाहेरच राहिलं.

आपल्याकडे हे तंत्र सगळ्यात आधी मोठ्या शहरात आलं असेल, असं कुणालाही वाटेल. पण त्याचं एक लवकरचं उदाहरण आहे कराडला खेटून वसलेलं मलकापूर. या छोट्या गावाने २००० च्या दशकाच्या अखेरीस चोवीस तास पाणी द्यायची योजना अमलात आणली आणि घरोघर रेडिओवरून वाचता येणारे, ज्यांना पाणीपुरवठा खात्यात ‘एएमआर मीटर’ म्हणतात, ते बसवले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी घट्ट संबंध आहे. दिवसातून तासभरच पाणी सोडलं, तर मधल्या काळात नळ्यांत हवा भरते. पाणी आलं की ती हवा आधी मीटरमधून सुसाट निघते आणि चाकी हवेनेसुद्धा फिरते. गिऱ्हाइकाच्या माथी वाऱ्याचं बिल! नळी कायम भरलेली असली की मीटर खरं बोलतो, आणि मीटर खरं बोलला की ‘वापराल तेवढं भरा’ हे लोकांना पटवता येतं. पुढे पुण्याच्या समान पाणीपुरवठा योजनेतही असेच एएमआर मीटर आले.

सेलचा जमाखर्च

आता त्या बोटाएवढ्या सेलकडे वळू. तो बहुधा लिथियम थायोनिल क्लोराइड जातीचा असतो. याची खोड अशी, की काम नसलं की लिथियमच्या पृष्ठभागावर लिथियम क्लोराइडचा पातळ थर धरतो आणि आतली रासायनिक झीज जवळजवळ थांबते. वर्षाला एखादा टक्का सोडला तर ताकद जिथल्या तिथे. काम पडलं की थर फुटतो, वीज वाहू लागते.

हिशेब मांडू. सेल २४०० मिलीअँपिअर-तासांचा. मीटर झोपलेला असताना आतलं घड्याळ आणि चीप मिळून दोन मायक्रोअँपिअर खातात असं धरलं, तर वर्षाला साडेसतरा मिलीअँपिअर-तास होतात आणि दहा वर्षांचे पावणेदोनशे. झोपेचा खर्च किरकोळ.

आता बोलण्याचा खर्च. युरोपात ‘वायरलेस एम-बस’ नावाची पद्धत रूढ आहे. तिचा मूळ तारेवरचा अवतार जर्मनीतल्या पाडरबोर्न विद्यापीठातल्या हॉर्स्ट झिग्लर यांनी काही कंपन्यांच्या साथीने घडवला होता. त्यात एक निरोप साधारण चाळीस-पन्नास बाइटचा: मी कोण, कोणत्या कारखान्याचा, आकडा किती, सेल कसा आहे, कुणी छेडछाड केली का. एवढं सांगायला सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो. तेवढ्या क्षणापुरते ३० मिलीअँपिअर लागतात असं धरा आणि मीटरला दर पंधरा सेकंदांनी बोलू द्या. वर्षाला वीस लाखांहून जास्त निरोप होतात. दहा वर्षांचा खर्च येतो साडेसतराशे मिलीअँपिअर-तास. झोप आणि बोलणं मिळून दोन हजारांच्या आतच. सेल पुरून उरतो.

आता ऐकण्याचा. रेडिओचा कान उघडा ठेवायला दहा मिलीअँपिअर पुरतात. बोलण्यापेक्षा स्वस्तच की! पण गोम इथेच आहे. आपण कधी बोलणार हे बोलणाऱ्याला ठाऊक असतं, तो तेवढ्यापुरता जागा होतो. आपल्याला कोण कधी हाक मारेल हे ऐकणाऱ्याला ठाऊक नसतं, त्याला कायम जागं राहावं लागतं. २४०० भागिले १० म्हणजे २४० तास. दहा वर्षं टिकणारा सेल नुसतं ऐकत बसला, तर दहा दिवसांत संपेल.

बिनतारी मीटरांची सगळी रचना या एका विषम हिशेबातून जन्मली आहे. मीटर कुणाच्या हाकेची वाट बघत नाही. तो आपणहून बोलतो आणि लगेच झोपतो. त्याला काही सांगायचंच असेल, त्याचं घड्याळ सरकवायचं असेल किंवा वेळापत्रक बदलायचं असेल, तर तो बोलेपर्यंत थांबायचं. बोलून झाल्यावर तो क्षणभर कान उघडतो, तेवढ्यात निरोप सरकवायचा. हुकला तर पुढच्या खेपेला. जागं राहायचं काम खांबावरच्या किंवा गच्चीवरच्या पेटीकडे, कारण तिला विजेचं कनेक्शन आहे. ब्रिटनमधला गॅसचा स्मार्ट मीटर असाच सेलवर चालतो आणि अर्ध्या तासाने एकदा डोळा उघडतो. त्याच घरातला विजेचा मीटर मात्र घरातल्या पडद्यावर दर दहा सेकंदांनी ताजा आकडा दाखवतो, कारण तो बसलाच आहे विजेच्या पंगतीत.

दोनशे जण एकदम बोलले तर?

कुणीच कुणाचं ऐकत नसेल, तर पाळी कोण ठरवणार? दोनशे घरांच्या सोसायटीत दोनशे मीटर, सगळ्यांची लहर एकच. कल्ला नाही का होणार?

याचं उत्तर प्रशांत महासागरातून आलं. सर्फिंगच्या ओढीने हवाईत रमलेले प्राध्यापक नॉर्मन अब्रामसन यांना बेटाबेटांवरचे संगणक विद्यापीठाच्या संगणकाला रेडिओने जोडायचे होते. १९७१ साली त्यांचं ‘अलोहानेट’ सुरू झालं. नियम असा होता: बोलावंसं वाटलं की बोला. दोघांचे शब्द एकमेकांवर आपटले तर थोड्या वेळाने पुन्हा बोला, आणि तो ‘थोडा वेळ’ प्रत्येकाने चिठ्ठी काढल्यासारखा वेगळा निवडा. शिस्त नाही, मुकादम नाही. गणित केलं तर अशा रीतीने हवेतल्या एकूण वेळेपैकी फार तर १८.४ टक्के वेळ सत्कारणी लागतो. हा आकडा वाचून कुणीही नाक मुरडेल. पण मीटरांना तेवढाही लागत नाही.

आपल्या सोसायटीचंच बघा. प्रत्येक मीटर पंधरा सेकंदांत फक्त सेकंदाचा शंभरावा भाग बोलतो. दोनशे जणांचं बोलणं एकत्र केलं तरी हवा १३ टक्केच भरते. अशा वेळी एखादा निरोप सुखरूप पोचायची शक्यता निघते सुमारे ७७ टक्के. चारातला एक निरोप वाया जातो, जाऊ दे. पुढची वेळ प्रत्येकाने थोडी मागे-पुढे केली की आपटाआपटीही बदलत राहते. दोन मिनिटांत आठ वेळा बोलणाऱ्या मीटरचे आठही निरोप वाया जाण्याची शक्यता लाखात एकाच्या आसपास येते. सगळे थोडं थोडं बोलत असतील, तर सभेला अध्यक्षाची गरजच पडत नाही.

गोंगाटातली मींड

अजून एक अडचण उरते: भिंती, झाकणं, अंतर. लहरी जेवढ्या लांब, तेवढ्या त्या भिंतीतून आणि आडोशातून जास्त निभावून जातात. म्हणून मीटरवाले वाय-फायच्या २४०० मेगाहर्ट्झपेक्षा हजाराच्या खालच्या पट्ट्याकडे वळतात. भारताने २००५ साली ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा कमी ताकदीच्या उपकरणांसाठी विनापरवाना केला, पुढे तो ८६८ पर्यंत वाढवला. इथली लहर साधारण ३५ सेंटिमीटर लांबीची. तिच्या चौथ्या हिश्शाएवढा, म्हणजे साडेआठ-नऊ सेंटिमीटरचा अँटेना मीटरच्या टोपणात घडी घालून बसतो. लोखंडी झाकण मात्र लहर अडवतं, म्हणून कुठे झाकण फायबरचं करतात, कुठे अँटेना भोकातून वर काढतात.

यावरची खरी कमाल घडली फ्रान्समधल्या ग्रेनोबल भागात. निकोला सोर्नां आणि ऑलिव्हिए सेलेर या दोन मित्रांनी २००९ च्या सुमारास कमी विजेत लांब पल्ला गाठणाऱ्या रेडिओवर काम सुरू केलं, पुढे फ्रांस्वा स्फोर्झा त्यांना येऊन मिळाला आणि सिक्लिओ ही कंपनी निघाली. त्यांच्या डोळ्यांसमोर पहिलं गिऱ्हाईक होतं ते पाणी, गॅस आणि विजेच्या मीटरांचं. २०१२ मध्ये सेमटेक कंपनीने त्यांना विकत घेतलं. आज ‘लोरा’ नावाने जगभर शेतांपासून कारखान्यांपर्यंत पसरलेलं तंत्र ते हेच.

त्यांनी उचललेली कल्पना जुनी होती. रडार आणि सोनार तिच्यावर चालतात, आणि अंधारात किडे पकडणारं वटवाघूळ तर माणसाच्या कितीतरी आधीपासून. लहर एका पट्टीवर धरून न ठेवता खालून वर सरकवत न्यायची. वरातीच्या डीजेच्या दणदणाटात कुणी एकच सूर लावून धरला तर तो बुडून जाईल, पण ठरल्या वेगाने षड्जापासून पंचमापर्यंत घेतलेली मींड जाणकार कान हुडकून काढतो, कारण गोंगाट तशा शिस्तीने चढत नाही. ग्राहक यंत्राकडे त्या मींडेचा उलटा साचा असतो. आलेल्या लहरीचा त्याच्याशी गुणाकार केला की पसरलेली सगळी शक्ती एका बिंदूवर गोळा होते आणि गोंगाट मात्र पसरलेलाच राहतो. मींड कुठल्या सुरापासून सुरू झाली, त्यात अर्थ दडवलेला असतो. सगळ्यात संथ प्रकारात अशा ४०९६ सुरुवाती शक्य असतात, म्हणजे एका मींडेत बारा बिट.

या संथ प्रकारात गोंगाट निरोपाच्या शंभरपट असला तरी निरोप उलगडता येतो. प्रक्षेपकाने सोडलेल्या २५ मिलीवॉटपैकी एकावर पंधरा शून्यांइतक्यातला एक भाग जरी अँटेनापर्यंत पोचला, तरी काम भागतं. किंमत मोजावी लागते ती वेळेत. सेकंदाला जेमतेम अडीचशे-तीनशे बिट. चाळीस बाइट सांगायला एक-दोन सेकंद लागतात, आणि तेवढा वेळ बोलायचं तर सेलही जास्त खर्ची पडतो. म्हणून असे मीटर दर पंधरा सेकंदांनी बोलत नाहीत, दिवसातून मोजक्या वेळी बोलतात. पल्ला वाढवायचा तर बोलणं कमी करा. नियम पुन्हा तोच.

लाईट जाता जाता

विजेच्या मीटरला सेलची चिंता नाही, त्यामुळे त्याचा संसार वेगळा. काही ठिकाणी मीटर एकमेकांचे निरोप शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे पुढे सरकवत गच्चीवरच्या पेटीपर्यंत नेतात. आपल्या राज्यात बसणाऱ्या स्मार्ट मीटरांत मोबाइलसारखं सिम असतं आणि ते थेट टॉवरशी बोलतात. केंद्र सरकारने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या योजनेत अशा २५ कोटी मीटरांचं उद्दिष्ट ठेवलं आहे.

या मीटरची एकच गोष्ट सांगायची तर ती लाईट जाण्याच्या क्षणाची. पुरवठा तुटतो आणि मीटरच्या आतल्या छोट्या कपॅसिटरमध्ये काही सेकंदांची पुंजी शिल्लक राहते. तेवढ्यात तो कार्यालयाला अखेरचा निरोप धाडतो: माझी वीज गेली. अभियंते याला ‘लास्ट गॅस्प’ म्हणतात. वीज परत आली की पहिला निरोप तिचाच, त्याला ‘फर्स्ट ब्रेथ’. एका घराचा अखेरचा निरोप आला तर बिघाड घराच्या वायरीत, एका डीपीवरच्या सगळ्यांचे आले तर डीपीत, फिडरवरच्या हजारोंचे आले तर त्याच्याही मागे. लाईनमन खांबाकडे निघण्याआधी कुठे बघायचं हे कळलेलं असतं. हजारो मीटर एकाच क्षणी ओरडणार म्हणून प्रत्येकाने आपला निरोप किंचित मागे-पुढे करायचा. हवाईची ती चिठ्ठीची युक्ती इथेही कामाला येते.

किती बोलावं, हे कुणी ठरवायचं

महिन्याला एक आकडा जात होता, तेव्हा तुमच्या घराविषयी कंपनीला फक्त एकूण वापर कळत होता. दर पंधरा मिनिटांनी आकडा गेला तर दिवसाचे ९६, महिन्याचे २८८० होतात. याचे फायदे खरे आहेत. आपल्या राज्यात २०२५ च्या जुलैपासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर सवलत मिळू लागली. तिचा हिशेब वेळेची नोंद असल्याशिवाय करताच येत नाही. पाण्याच्या मीटरने चोवीस तासांत एकदाही शून्य दाखवलं नाही, तर गळती आहे हे घरमालकाच्या आधी कार्यालयाला कळतं.

पण आकडे दाट झाले की ते जास्त बोलतात. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये जॉर्ज हार्ट घरांच्या वीजवापराचे आलेख न्याहाळत होता. उड्या बघून त्याला फ्रिज कधी सुरू झाला, गिझर कधी लागला हे ओळखू यायला लागलं. त्याने या ओळखण्याचं शास्त्रच उभं केलं आणि १९८९ मध्ये त्यानेच लेख लिहून बजावलं, की यातून घरावर पाळत ठेवता येईल. २०११ मध्ये जर्मनीतल्या म्युन्स्टरच्या संशोधकांनी दर दोन सेकंदांनी आकडे पाठवणारा मीटर तपासला. पडद्याच्या उजेड-अंधारानुसार टीव्हीचा वापर बदलतो, त्यावरून घरात कोणता सिनेमा लागला आहे हे ओळखता येतं, असं त्यांनी दाखवलं. पंधरा मिनिटांच्या आकड्यांतून सिनेमा कळणार नाही, पण घरात कुणी आहे की सगळे गावाला गेलेत हे कळू शकतं. म्हणून नव्या मीटरांत निरोप कुलूपबंद करून पाठवतात. अमेरिकेतल्या जुन्या मीटरांत ही सोय नव्हती, आणि हौशी मंडळी टीव्ही बघायच्या स्वस्त डाँगलने शेजारपाजारचे आकडे लॅपटॉपवर वाचत.

आपल्याकडे वाद पेटला तो वेगळ्या ठिणगीने. प्रीपेडची धास्ती, वाढलेल्या बिलांच्या तक्रारी, रीडिंग घेणाऱ्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न. २०२४ मध्ये घरगुती ग्राहकांवर प्रीपेड लादणार नाही, असं राज्य सरकारला जाहीर करावं लागलं. यात एक गोष्ट तंत्राच्या बाजूने स्पष्ट करता येते. मोजणारा भाग वेगळा आणि बोलणारा भाग वेगळा. रेडिओ आकडा वाहून नेतो, वाढवत नाही. मीटरच्या पडद्यावरचा आकडा, मोबाइलमधला आकडा आणि बिलावरचा आकडा जुळतात का, हे ग्राहक स्वतः पडताळू शकतो. पडद्यावरच्या आकड्याचीच शंका असेल, तर लाल दिवा आणि इस्त्रीचा प्रयोग घरच्या घरी करता येतो, आणि त्यानेही समाधान झालं नाही तर मीटर तपासून मागायचा हक्क आहे. रोजगाराचा प्रश्न मात्र कुठल्या चीपने सुटणारा नाही. तो धोरणाचाच आहे.

नेदरलँड्समध्ये असाच विषय २००९ साली वरिष्ठ सभागृहापुढे आला. स्मार्ट मीटर सक्तीचा करणारं विधेयक सभागृहाने खासगीपणाच्या मुद्द्यावर अडवलं. पुढे कायदा सुधारला आणि ग्राहकाला मीटर नाकारायचा, किंवा बसवून घेऊन त्याचं दूरचं वाचन बंद ठेवायचा पर्याय मिळाला. मीटर तोच, तंत्र तेच. बदललं ते एवढंच, की त्याने किती वेळा बोलायचं यात घरमालकाचाही शब्द आला.

मीटर दर किती वेळाने बोलतो, ते आकडे कुणाकडे किती वर्षं राहतात आणि मला स्वतःला ते दिसतात का, हे तीन प्रश्न विचारायला अभियंता असावं लागत नाही. एक सेल दहा वर्षं पुरवण्यासाठी अभियंत्यांनी गरजेपुरतंच बोलायची काटकसर अंगी बाणवली. गिऱ्हाइकाच्या खासगीपणासाठीही तीच काटकसर करा, असं आपण त्यांना हक्काने सांगू शकतो, कारण ती करता येते हे त्यांनीच सिद्ध करून ठेवलंय.